हात कानाकडे गेला

कोलोन, १२ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार शेवटी घालते. आधी एवढं ऐका, हे पत्र फाडू नका. माझा फोन आला की तुम्ही शमिकावहिनीला "रिकामटेकड्यांचा असेल, ठेव" म्हणून सांगता, हे मला कळलंय. म्हणून हे तिला मेल करते आहे. ती छापून आणून तुमच्या पेटीवर ठेवील. समोर आलेला कागद तुम्ही वाचल्याशिवाय सोडत नाही. वाण्याच्या पुडीचासुद्धा.

घरात 'तू' आणि तंबोऱ्यापाशी 'तुम्ही' असा आपला नियम होता. चहा विचारताना तू माझी आत्या, आणि गवसणी निघाली की तुम्ही गुरू. हे पत्र गाण्याबद्दल आहे, म्हणून तुम्ही.

मी घाबरले आहे. साधीसुधी नाही, पाचावर धारण बसली आहे. आणि ज्याला सांगावं असं माणूस या गावात नाही. नवरा म्हणून निहारला सांगितलं, तो म्हणाला, "हो हो, पण तू काय मुद्दाम केलंस का?" तो आठवडाभर कामासाठी न्युरेम्बर्गला असतो. आठ वर्षांच्या ऊर्जाला हे सांगण्यासारखं नाही. उरलात तुम्ही.

गेल्या रविवारी इथल्या एका छोट्या सभागृहात माझं गाणं झालं. इराणी गाणं. ज्यावरून आपलं बिनसलं, तेच. साथीला तार या इराणी वाद्यावर फरामर्झ होता. तो इराणचा, दिवसभर औषधांच्या दुकानात काम करतो आणि संध्याकाळी तार छेडतो. गाण्याआधी मला जर्मनमध्ये चार वाक्यं बोलायची होती. पाठ केली होती. बोलले. मग डोळे मिटले, षड्ज कानात भरला, आणि माझा हात कानाच्या पाळीकडे गेला.

तुम्हीच लावलेली सवय. मी परकरात असल्यापासून. गुरूचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि कानाला हात लावल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. हात तिथे पोचला की तोंड आपोआप उघडतं. उघडलं, आणि मी माझ्या इराणी बाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, गावासकट. माइकमध्ये.

आत्या, बाईंनी मला शिकवायला घेतलं तेव्हा एकच अट घातली होती. "गाणं घे, नाव ठेव." इराणमध्ये बाईनं पुरुषांसमोर एकटीनं गाण्याला बंदी आहे. बाई घरात, खिडक्या लावून, फोनवरून शिकवतात. पूर्वी एकदा सरकारी माणसांनी त्यांना बोलावून घेऊन, पुन्हा हे करणार नाही, असं लिहून घेतलेलं आहे. हे सगळं मला माहीत होतं. शपथ घेतल्यासारखं माहीत होतं.

आणि तुम्ही दोन वर्षांपूर्वी म्हणालात, "त्या रडगाण्याला माझं नाव लावू नकोस." म्हणजे माझ्या दोन गुरू, आणि दोघींची नावं घ्यायला मनाई. एकीची रागानं, एकीची भीतीनं. कानापाशी हात गेला तेव्हा तोंडात काहीतरी यायलाच हवं होतं. जे यायला नको होतं तेच आलं.

संयोजकांनी गाण्याचा व्हिडिओ नेटवर टाकला होता, तो मी काढायला लावला. फार कुणी पाहिला नसावा. पण तेव्हापासून बाईंचा फोन बंद आहे. मंगळवारी आमची तालीम असते. मी स्वयंपाकघरात फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसून राहिले. त्या आल्या नाहीत. माझ्या निरोपापुढे एकच टिक आहे.

सध्या काही मागत नाही. फक्त वाचा.

नमस्कार.
ईश्वरी


कोलोन, १९ ऑक्टोबर

आत्या,

वहिनीनं कळवलं की तुम्ही पत्र वाचून पेटीखाली सरकवलंत आणि "हं" म्हणालात. तुमच्या 'हं'वर मी बालपण काढलंय. पुढे लिहिते.

बाई कोण, ते तुम्ही कधी सांगूच दिलं नाहीत. मी पहिल्यांदा ते गाणं ऐकवलं तेव्हा तुम्ही अर्ध्यातच म्हणालात, "तुझा रिषभ सुटलाय." सुटला नव्हता, आत्या. शूर म्हणून त्यांचा जो मोठा राग आहे, राग म्हणजे आपल्यासारखा नव्हे, एक अख्खं कुटुंबच म्हणा, त्याचा रिषभ कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी बसतो. तिथेच बसवायला मला वर्ष लागलं. तुम्ही म्हणालात, बेसूर. आणि त्यांची तहरीर, म्हणजे गळा मोडून पुन्हा सांधत जाणारी तान, तिला तुम्ही उचकी म्हणालात. मी चिडून फोन ठेवला. तुम्ही तो पुन्हा उचललाच नाहीत.

त्यांच्याकडे रदीफ असते. अशा बारा घरांमधले शेकडो लहान लहान तुकडे, गूशे म्हणतात त्यांना, ठरलेल्या ओळीनं पाठ करायचे. लिहून नाही. छातीतून छातीत. दीडएकशे वर्षांपूर्वी तिथल्या दरबारातल्या वादकांनी विखुरलेलं सगळं गोळा करून ही ओळ लावली. त्याआधी ते गाणं लपूनछपून जगलं. मोहरमच्या शोकनाट्यांत गळे तयार होत, कारण तिथे शहीदाच्या तोंडचं गाणं म्हणून कुणी हटकत नसे. मग गावोगावची वळणं झाली. इस्फहानकडे शब्दाला पहिला मान, तब्रीझकडे वरच्या सुरांतला जोर, तेहरानकडे तहरिरीची रेलचेल. आपल्या घराण्यांसारखंच, तेवढंच भांडकुदळ. बाई यांतल्या कुठल्या, ते लिहीत नाही. आता काहीच लिहीत नाही.

भीती ही त्या गाण्याची जुनी शेजारीण आहे, असं बाई हसत म्हणायच्या. "ती भिंतीपलीकडे असतेच. आपण हळू गायचं."

मागच्या पत्रात मी एक लपवलं. व्हिडिओ मी लगेच काढायला लावला नव्हता. मला तो आवडला होता. लोक छान छान लिहीत होते, मी आपली वाचत बसले होते. नाव घेतलंय हे मला आठवतसुद्धा नव्हतं, इतकं ते सवयीचं होतं. गुरुवारी फरामर्झनं तो पाहिला आणि दुकानातूनच फोन केला. स्टेजवर तो तार जुळवण्यात गुंतला होता, त्याच्याही कानावरून ते गेलं होतं. ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "आल्झो, म्हणजे, तू काय बोललीस ते तू ऐकलंस का?" मी पुन्हा लावून ऐकलं. लगेच संयोजकांना फोन करून तो काढायला लावला. चार दिवस ते नाव जगाला ऐकू येत होतं.

आणि त्या चार दिवसांत एका माणसाचा निरोप आला होता. अतिशय सभ्य इंग्रजीत. मी संशोधक आहे, आपलं गायन आवडलं, अमुकबाईंकडे आपण किती काळ शिकता, तालीम कशी होते? मूर्खासारखी मी खूश झाले होते. उत्तर दिलं नाही ते केवळ आळसानं. काल त्याचा दुसरा निरोप आला. त्यात आमच्या रस्त्याचं नाव होतं. "आपण तिथे राहता ना, छान भाग आहे."

इथे फ्लॅटला नंबर नसतो, आत्या. खाली बेलपाशी आडनावाची पट्टी असते, तीच ओळख. काल मी खाली जाऊन आमची पट्टी उचकटून काढली. ऊर्जा बघत होती. तिला मराठी सगळं कळतं पण बोलते जर्मन. म्हणाली, "मामा, हास्ट डू आंग्स्ट?" आई, तुला भीती वाटते का? मी म्हटलं, नाही गं, पट्टी जुनी झाली होती.

फरामर्झची बहीण बाईंच्याच गावात राहते. ती जाऊन बघून येणार आहे.

ईश्वरी


कोलोन, २७ ऑक्टोबर

आत्या,

कळलं. बाईंना नेलं होतं.

सकाळी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. हात लावला नाही म्हणतात. फरामर्झच्या बहिणीला त्यांनी दारात उभं राहूनच सांगितलं, आत घेतलं नाही. चौकशीत व्हिडिओ त्यांच्यासमोर ठेवून विचारलं, ही हिंदी बाई कोण? तुम्ही परदेशात शिकवता काय?

बाई म्हणाल्या, "मी हिला ओळखत नाही. कुठेतरी माझं नाव ऐकलं असेल, मोठेपणासाठी घेतलं. हिचं गाणं हिच्या आत्याचं आहे. हिंदुस्थानात मिरज म्हणून गाव आहे, तिथे प्रभाबाई म्हणून आहेत. त्यांना विचारा. हिंदुस्थानी गवयांना आमच्या चिजा शतकानुशतकं येतात."

वाचलंत? त्यांनी तुमचं नाव घेतलं. तुम्ही मनाई केली होतीत, पण तालीम संपली की मी बाईंना तुमच्याच गोष्टी सांगायची. तुम्ही सर्दी झाली की मुद्दाम खर्ज कसा लावायचात, रियाजात जांभई आली तर कसं उभं करायचात. त्या पोट धरून हसायच्या. त्या अडचणीत सापडल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या मदतीला आलात. तुम्हाला न विचारता.

म्हणजे तुमचं नाव आता तिथल्या कागदांत आहे. मी एकीला संकटात घातलं आणि दुसरीचा पत्ता दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझा तर कानापाशी नेऊन दाखवलेला हात.

डिसेंबरच्या मध्याला बाईंना पुन्हा बोलावलंय. तोवर ते खात्री करतील. फरामर्झ म्हणतो, कुणीतरी तुम्हाला फोन करील. गोड बोलेल. रसिक म्हणून बोलेल. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं, हो, ईश्वरीला हे मी शिकवलं. एक वाक्य. त्या वाक्यावर बाईंचं उरलेलं आयुष्य आहे. त्या एकट्या राहतात. गुडघे दुखतात. तुमच्याच वयाच्या आहेत.

इथे बेल वाजली की मी आणि ऊर्जा दोघी गप्प होतो. परवा पोस्टमन पार्सल परत घेऊन गेला, पट्टी नाही म्हणून. खिडकीतून त्याची पाठ बघत मी उभी राहिले, खाली जायचं धाडस झालं नाही.

मी पाया पडते. एक वाक्य.

ईश्वरी


कोलोन, २ नोव्हेंबर

आत्या,

वहिनीचा निरोप आला. तुझं उत्तर तिनं शब्दशः लिहिलंय. "जे मला येत नाही ते मी शिकवलं, असं मी सांगणार नाही. दुसऱ्याचं गाणं आपल्या नावावर घेणं म्हणजे चोरी. जन्मात केली नाही, आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी करू?"

मी आज 'तू' लिहिणार आहे. हे पत्र गाण्याबद्दल नाही.

तुझं तत्त्व सोन्याचं असेल. ते तू मिरजेत, खुर्चीवर बसून, शमिकावहिनीच्या हातचा चहा पीत सांभाळतेस. तिथे एक बाई खिडक्या लावून बसलीय आणि जिन्यावर पाऊल वाजलं की श्वास धरते. तिचंही तत्त्व होतं, आत्या. तिच्या गुरूकडून आलेली एकही गूशे तिनं कधी मोडून शिकवली नाही. पण माझ्यासाठी ती खोटं बोलली. "ओळखत नाही" म्हणाली. जिनं मला वर्षभर एका रिषभावर बसवलं, तिनं मला ओळखत नाही म्हटलं, आणि त्याचं मला वाईटसुद्धा वाटून घेता येत नाही.

फरामर्झ काल म्हणाला, "तुमच्याकडच्या अदबीनं तिचा जीव जाईल." अदब कुणी शिकवली? तू. कानाला हात लावायला कुणी शिकवलं? तू. मग नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडातून तुझं नाव काढून कुणी घेतलं? तुझं नाव माझ्यापाशी राहिलं असतं, तर त्या दिवशी मी तेच घेतलं असतं.

मला तुझा राग आलाय. आणि रागाच्या खाली नुसती भीती आहे. जेवण जात नाही. ऊर्जाला शाळेतून आणताना मागे वळून बघते, आणि मागे कुणीतरी कुत्रं फिरवणारे आजोबा असतात.

नको करूस काही. पण तिला काही झालं तर

ता. क. वरचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझा फोन आला, म्हणून ते तसंच ठेवलंय. तू नमस्कार घेतला नाहीस, कशी आहेस विचारलं नाहीस. म्हणालीस, "काय गायलीस तू त्या दिवशी? म्हण." मी म्हटलं, आता? "मग काय दसऱ्याला? मला येत नसेल ते मी शिकवलं म्हणणार नाही, एवढंच मी बोलले होते. मग मला यायला नको का? बस आणि सांग. पहिला तुकडा."

मी रडत होते आणि तू म्हणालीस, "नाक पूस. आवाज बसतोय." आणि वर, "फोन तालमीपुरता. बाकी काय ते लिही. तालमीत गप्पा मला चालत नाहीत."


कोलोन, २३ नोव्हेंबर

आत्या,

तालमीत बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. गेले तीन आठवडे मी तुम्हाला शिकवते आहे. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "आता मी तुला अहो म्हणू का?" आणि मी हसले तशी लगेच, "हसू नका बाई, पुन्हा सांगा." खवट ते खवटच.

तो रिषभ. तुम्ही आधी कोमल लावलात, मग शुद्ध, मग वैतागून म्हणालात, "या दोन्हींच्या मधे उभं राहायला जागाच नाही." मी बाईंनी मला सांगितलेलं तुम्हाला सांगितलं. षड्जावरून निघायचं, पण कुठेतरी जायचंय असं म्हणायचं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तुमचा फोन आला, हॅलो नाही, काही नाही, नुसता तो सूर. बरोब्बर तिथे. मग तुम्ही हळूच म्हणालात, "अगं, हा तर केवढा दुःखी आहे." त्यानंतर तुम्ही त्याला बेसूर म्हटलं नाहीत.

शाहनाज गूशे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर आली. सूर वर सरकून मध्यमावर घर करतो, तिथे तुम्ही जे थांबता, ते मला जमत नाही. तहरीर मात्र तुमची तानच आहे, थोडी उचकी लागलेली. रागावू नका, शब्द तुमचाच.

आणि मग तो फोन आला. वहिनीनं सगळं लिहिलंय, तरी मला ते पुन्हा लिहू द्या. मला त्यानं धीर येतो.

माणूस छान हिंदीत बोलत होता. मी परदेशातून बोलतोय, संगीताचा अभ्यासक आहे, आपल्या भाचीनं इराणी गायकी कुणाकडून घेतली? तुम्ही फोन वहिनीच्या हातून घेतलात. "वह मेरी शिष्या है." तो म्हणाला, पण ही चीज इराणची आहे. "मुझे आती है. सुनिए." आणि तुम्ही तंबोरा लावायला घेतलात. तो लागेपर्यंत त्याला थांबवलंत! मग शूर सुरू केलात, पहिल्या तुकड्यापासून, काही न गाळता. मधेच तो म्हणाला, जी, शुक्रिया, मगर आपने कहाँ से सीखी? तुम्ही गाणं न थांबवता हात हलवून त्याला गप्प केलंत, जसा काही तो समोर बसला होता. वहिनी म्हणते, शाहनाजपर्यंत पोचलात तेव्हा फोन कधीच बंद झालेला होता. तुम्ही तरीही खाली षड्जावर परतणारा उतार पुरा करून मगच थांबलात.

यात एक अक्षर खोटं नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं.

पण तुमचं समाधान झालेलं नव्हतं. काल तुम्ही म्हणालात, "शिष्या आहेस हे खरं. मला येतं हे खरं. पण मी शिकवलं हे अजून खरं नाही. चल, पाटी कोरी कर. तुला काही येत नाही असं समज. आता मी शिकवते." आणि माझ्याकडून घेतलेलं सगळं तुम्ही मला परत शिकवायला घेतलंत, एकेक तुकडा, माझ्या चुका काढत. तुमच्याकडून परत आलेलं शाहनाज जरासं मिरजेचं झालंय. जिथे बाई श्वास घेत नाहीत तिथे तुम्ही घेता. मी तसंच घेतलं.

शेवटी तुम्ही विचारलंत, "कुणाकडून शिकलीस? कानाला हात लावून सांग." मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरची शिट्टी होत होती. कानाला हात लावला आणि तुमचं नाव घेतलं. दोन वर्षांनी. तुम्ही म्हणालात, "पुरे. भात करपेल."

सहा डिसेंबरला त्याच सभागृहात पुन्हा गाते आहे. बाईंना बोलावण्याआधी नवा व्हिडिओ जायला हवा, तुमच्या नावाचा. फरामर्झ वाजवणार आहे. तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

ईश्वरी


कोलोन, १६ डिसेंबर

आत्या,

आधी बातमी, फरामर्झच्या बहिणीला बाईंच्या शेजारणीकडून कळलेली. बाई जाऊन आल्या. नवं गाणं त्यांच्यासमोर लावलं म्हणे, आणि तुमच्या फोनची गोष्टही त्या लोकांना ठाऊक होती. बाईंचा फोन ठेवून घेतला आणि घरी जा म्हणाले. काल फरामर्झच्या बहिणीला त्या पावाच्या रांगेत दिसल्या. हिनं पुढे होऊन हाक मारायला तोंड उघडलं, पण त्या तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून पाव घेऊन गेल्या. ठीक दिसत होत्या. चालत होत्या.

फरामर्झनं हे सांगितलं आणि दुकानाच्या काउंटरवर डोकं टेकलं. मग उठून म्हणाला, "गेनाऊ, बरोबर. आता तू तिला कधीही फोन करायचा नाही. मीही नाही." मी हो म्हटलं. मंगळवारची तालीम आता नाही. यापुढे कधीच नाही. त्यांच्याकडे माझ्यासाठी सत्तरएक तुकडे बाकी होते. ते तिथेच राहिले.

मी बेलची पट्टी पुन्हा लावली. ऊर्जानं धरली, मी स्क्रू फिरवले. भीती गेली म्हणून नव्हे, तुमचं पार्सल येणार होतं म्हणून. तंबोऱ्याच्या तारा मिळाल्या.

पण हे लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ते मी फरामर्झलाही सांगितलं नाही. तुलाच सांगते.

सहा तारखेला स्टेजवर मी कानाला हात लावला. तुझं नाव घेतलं, मिरज म्हटलं आणि गायले, तू शिकवलंस तसं. तू जिथे श्वास घेतेस तिथे घेतला. फक्त शाहनाजच्या उतारात, अगदी शेवटी, गळा त्याच्या मूळच्या वाटेनं गेला. बाईंच्या. मी अडवू शकले नाही. वाटलं, कुणाच्या लक्षात येतंय.

गाणं संपल्यावर एक बाई भेटायला आली. तिशीची असेल, इराणी, अंगात कोट तसाच. तिचा चेहरा रडून सुजला होता. माझे दोन्ही हात धरून जर्मनमध्ये म्हणाली, "तो उतार मला माहीत आहे. मी लहान होते तेव्हा तो रोज ऐकलाय. भिंतीपलीकडून नाही, समोर बसून. तुम्ही कुणाकडे शिकलात?"

आत्या, ती खरी असेल. नव्याण्णव टक्के खरीच असेल. पण तो सभ्य माणूसही खराच वाटला होता. मागे खुर्च्या आवरत होते, कुणीतरी फोन वर धरून काहीतरी टिपत होतं. त्या बाईला मिठी मारून ते नाव तिच्या कानात सांगावं, असं मला इतकं वाटलं की ओठ दुखायला लागले. बाईंना ओळखणारं, त्यांच्यासमोर बसलेलं दुसरं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं.

मी हात सोडवून घेतले. म्हटलं, "माझ्या आत्याकडे. हिंदुस्थानात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, खोटं बोलतेस. मी मनात तुला लिहिलेलं वाक्य घोकत होते, यात एक अक्षर खोटं नाही, यात एक अक्षर खोटं नाही.

मग तिनं डोळे पुसले. तिला ती रीत माहीत असायचं कारण नाही, त्यांच्याकडे नसतेच. माझी बघितली होती तेवढीच. तिनं हात उचलला आणि जपून, चुकेल की काय अशा बेतानं, स्वतःच्या कानाच्या पाळीला लावला.

नाव मात्र तिनंही घेतलं नाही.

तुझी,
ईश्वरी